काकांना न दिसणारी पाच पावलं

*काकू, नमस्कार.*

*मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. शाळा लांब आहे म्हणून स्कूल बस लावली. सकाळी बस आमच्या सोसायटीच्या गेटपाशी थांबते, पण दुपारी येताना रस्त्याच्या पलीकडे सोडते. माझे सासरे गेटपाशी उभे असतात. बसमध्ये एक मावशी आहेत, पण त्या कधी येतात, कधी येत नाहीत.*

*गेल्या मंगळवारी मावशी नव्हत्या. मुलगी उतरली आणि बसच्या पुढून अलीकडे यायला निघाली. तिच्या हातातली पाण्याची बाटली पडली आणि घरंगळत बसच्या खाली गेली. ती उचलायला वाकली आणि तेवढ्यात बस चालवणाऱ्या काकांनी गाडी पुढे घेतली. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने ओरडून बसवर हात आपटला, म्हणून गाडी थांबली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण बाटलीचा चेंदामेंदा झाला. या वर्षातली ही तिसरी बाटली. आधीच्या दोन हरवल्या तेव्हा मी तिला चांगलीच रागावले होते. ‘वाकलीस कशाला?’ असं विचारलं तर बोलत नाही, नुसती रडते.*

*नवरा म्हणतो, ‘काही झालं नाही ना, मग विषय संपव. आम्ही चालत जायचो शाळेत, कोण यायचं सोडायला?’ शाळेत फोन केला तर ऑफिसमधून सांगितलं की बस ठेकेदाराची आहे, तुमचं तुम्ही त्यांच्याशी बोला. काका माणूस म्हणून फार चांगले आहेत. तक्रार केली तर त्यांच्या पोटावर पाय येईल, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्या आया मलाच नावं ठेवतील. तेव्हापासून मला रात्री झोप नाही. बस बंद करून मीच तिला स्कूटीवर सोडू का?*

*– एक आई, नाशिक*

---

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

झोप लागत नाही हे वाचलं आणि तुझ्या नवऱ्यावर माझा पहिला राग निघाला. तो शेवटपर्यंत पुरणार आहे, म्हणून सध्या बाजूला ठेवते. तू उगाच काळजी करत नाहीयेस. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि शेवटची अकरा वर्षं शाळेच्या बसगाड्यांचं काम माझ्या गळ्यात होतं. गळ्यात म्हणजे खरोखर गळ्यात, तिथे शिट्टी लटकलेली असायची. त्या अकरा वर्षांत धावत्या बसने मला फार घाबरवलं नाही. जे काही झालं किंवा होता होता राहिलं, ते बहुतेक थांबलेल्या किंवा नुकत्या हललेल्या बसच्या आसपास.

एका जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, आमचे सगळ्यांत जुने चालककाका मला म्हणाले, ‘बाई, जरा वर येऊन बसा.’ मी साडी सावरत त्यांच्या सीटवर चढले. त्यांनी शिपायाला पहिलीच्या वर्गातली लाकडी खुर्ची बसच्या नाकासमोर ठेवायला सांगितली. ‘दिसते?’ नाही. खुर्चीवर दप्तर ठेवलं. नाही. दप्तरावर झाडू उभा धरला तेव्हा कुठे झाडूचा शेंडा दिसला. गाडी पुढे नाक असलेली, जुन्या घडणीची होती. मग शिपाई खुर्ची एकेक पाऊल पुढे सरकवत गेला आणि पाचव्या पावलाला मला ते दप्तर दिसायला लागलं. काका खालून म्हणाले, ‘ही पाच पावलं माझी नाहीत बाई, ती तुमची.’

अमेरिकेत मुलांना बसच्या चारही बाजूंनी दहा फूट जागा धोक्याची म्हणून शिकवतात. आमच्या काकांची पाच पावलं म्हणजे जवळपास तेवढीच भरली. काका सातवी शिकलेले, अमेरिकेचं काही वाचायला गेले नव्हते. हल्लीच्या चपट्या तोंडाच्या गाड्यांना पुढचं थोडं बरं दिसतं आणि आरसेही मोठे असतात, पण पहिलीतलं मूल वाकलं की ते कुठल्याही बसच्या काकांना दिसत नाही. तुझी मुलगी उभी राहून फार तर तुझ्या कमरेच्या थोडी वर येत असेल. वाकल्यावर ती त्या खुर्चीएवढीच.

म्हणून तुझ्या काकांनी निष्काळजीपणे गाडी पुढे घेतली असं मी लगेच म्हणणार नाही. ते बहुतेक आरशात बघत होते, रस्ता मोकळा दिसला आणि निघाले. चूक झाली ती उतरलेली पोरं न मोजता निघाले ही. ही मोजणी करायलाच मावशी असतात, आणि त्या नव्हत्या.

आता बाटलीचं. तू लिहिलंस की आधीच्या दोन हरवल्यावर तू तिला रागावली होतीस, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस की का वाकली ते ती सांगत नाही. अगं, तुझ्या पत्रातच उत्तर आहे. सहा वर्षांच्या मुलीला बसचं भय नाही, तिला आईचं आहे. बस तिच्या ओळखीची आहे, काका तिच्या ओळखीचे आहेत. तिसरी बाटली हरवून घरी जाणं हे मात्र तिच्या लेखी भयंकर होतं. तुला दोष देत नाही. मीही शिक्षिका म्हणून ‘वस्तू सांभाळता येत नाहीत का’ हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. त्या जूननंतर मात्र मी बससाठी वेगळा कायदा केला: बसपाशी पडलेलं काहीही उचलायचं नाही. डबा असो, वही असो, रेनकोट असो, बक्षीस मिळालेलं पदक असो. पाच पावलं लांब जायचं, काकांना किंवा मावशींना हाक मारायची, आणि कुणी नसेल तर वस्तू गेली म्हणायचं. घरी त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, हे पालकसभेत आयांकडून कबूल करून घेतलं. एका बाबांनी विचारलं, ‘मग ही पोरं रोज वस्तू टाकून येतील ना?’ त्यांना मी म्हटलं, येऊ देत.

हे तू आजच तिला सांग. रागावून नको, माफी मागितल्यासारखंही नको. जेवताना सहज म्हण, ‘बसपाशी बाटली पडली तर ती बसची. आपण नवी आणू.’ आणि खरंच नवी आण.

दुसरी गोष्ट, तुझे सासरे. तेही चांगलेच असणार, रोज उन्हातान्हात उभे राहतात म्हणजे. पण ते उभे राहतात गेटपाशी, म्हणजे रस्त्याच्या अलीकडे. बसचं दार डाव्या बाजूला, पोर उतरतं पलीकडच्या कडेला, आणि समोर रस्त्यापार आजोबा हात हलवताना दिसतात. मग पोर आजोबांकडेच धावणार, गाड्यांकडे त्याचं लक्ष कुठलं? इतक्या लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखताही येत नाही. त्यामुळे उद्यापासून आजोबा बस यायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडे जातील आणि दारापाशी उभे राहतील. नात उतरली की तिचा हात, बोट नव्हे, मनगट धरतील. मग दोघं रस्त्यापासून आत सरकून उभे राहतील, बस जाऊ देतील, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी नीट दिसायला लागला की ओलांडतील. बसच्या पुढून नाही, मागूनही नाही. बस गेल्यावर. त्यांना हे तू सुनेच्या तोंडून सांगू नकोस, नातीलाच सांगायला लाव. आजोबा नातीचं ऐकतात.

दाराशी उभं राहायचं आणखी एक कारण आहे आणि ते खास आपल्या रस्त्यांचं आहे. बस थांबली की मागचा दुचाकीवाला उजवीकडून जागा मिळाली नाही तर डावीकडून घुसतो. म्हणजे बस आणि फूटपाथ यांच्या मधल्या फटीतून, जिथे पोरं पायरी उतरतायत नेमकं तिथून. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडे पिवळी बस थांबून लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूचा स्टॉपचा फलक बाहेर आला की मागच्या गाड्या थांबतात, आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्याही. नाही थांबलं तर जबर दंड. आपल्याकडे तसा फलक असलेली बस उभी राहिली तरी मागचा हॉर्न वाजवतो. हे बदलेपर्यंत थांबायला तुला वेळ नाही, म्हणून पायरीच्या मागच्या बाजूला एका मोठ्या माणसाने हात आडवा करून उभं राहायचं. हे मावशींचं काम. त्या नसतील तेव्हा आजोबांचं.

पावसाचे दिवस आहेत म्हणून दोन ओळी रेनकोटवर. टोपी डोक्यावर ओढली की पोराला आजूबाजूचं दिसत नाही. रस्ता ओलांडताना टोपी मागे, डोकं भिजलं तर भिजलं. रंग नेव्ही ब्लू आणू नकोस, सकाळच्या पावसात तो रस्त्यात मिसळून जातो. आणि दप्तराचे लोंबते बंद, छत्रीची दोरी, ओळखपत्राची लेस हे सगळं दाराच्या दांडीत अडकतं. तू एकदा ओढून बघ, कळेल.

आता शाळेकडे येऊ. ‘बस ठेकेदाराची आहे, तुमचं तुम्ही बघा,’ हे वाक्य ज्या कुणी फोनवर म्हटलं त्यांना बहुधा कुणी काही सांगितलेलं नाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला हवी आणि तिचे अध्यक्ष असतात खुद्द मुख्याध्यापक. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, हद्दीतले पोलीस, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा माणूस, बसवाल्यांचा प्रतिनिधी, असे सगळे तिच्यात असतात. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. भाडं काय, बस कुठे थांबवायची, गाडीची आणि चालकाची कागदपत्रं ठीक आहेत का, हे बघणं याच समितीचं काम आहे. बस ठेकेदाराची असली तरी शाळा आणि बसमालक यांच्यात करार असावा लागतो. बसमध्ये मुली असतील तर बाई मदतनीस हवी, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे तुझ्या तीनही अडचणी, चुकीच्या बाजूचा थांबा, न येणाऱ्या मावशी आणि हात झटकणारं ऑफिस, एकाच टेबलावरच्या आहेत. त्या टेबलाच्या डोक्याशी मुख्याध्यापकांची खुर्ची आहे.

हे नियम कुणाला एका दुपारी सुचले म्हणून झाले नाहीत. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं गेली. त्यानंतर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, तिथून आजच्या स्कूल बसचं रूप आलं. पिवळा रंग, पुढे-मागे ‘स्कूल बस’ ही अक्षरं, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं, शाळेचा फोन नंबर, सीटखाली दप्तरांना जागा, नीट बंद होणारं दार. चालकाला अवजड गाडी चालवल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा सिग्नल तोडण्यासारख्या कारणांनी दंड झालेला नको, आणि भरधाव किंवा पिऊन चालवल्याबद्दल एकदाही झालेला नको. यातलं खिडकीच्या गजांचं आम्ही मुलांना ‘हात बाहेर काढू नये म्हणून’ असं सांगायचो. त्यांना यमुनेचं सांगणार तरी कसं.

मुख्याध्यापकांना लेखी दे. फोन करू नकोस, फोन हवेत विरतो. पण तक्रार म्हणून लिहू नकोस, विनंती म्हणून लिही. साधारण असं:

‘आमच्या बसचा दुपारचा थांबा रस्त्याच्या पलीकडे आहे. अमुक तारखेला मुलगी बससमोर असताना बस पुढे निघाली. दुखापत झाली नाही. त्या दिवशी मदतनीस बाई उपस्थित नव्हत्या. दुपारचा थांबा सोसायटीच्या बाजूला घ्यावा, मदतनीस रोज असाव्यात व नसतील त्या दिवशी पर्यायी व्यक्ती द्यावी, ही विनंती. हा विषय शालेय परिवहन समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा व बैठकीची तारीख कळवावी.’

बस्स. काकांचं नाव कुठेही नाही, तशी गरजही नाही. खाली त्या थांब्यावर उतरणाऱ्या बाकीच्या मुलांच्या पालकांच्या सह्या घे, अगदी तीन मिळाल्या तरी चालतील. आवक शिक्का मारून पोचपावती घे. ऑफिसातली बाई शिक्का शोधायला लागली की समज, पत्र पोचलं. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर हेच पत्र आरटीओला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पाठव. बहुतेक वेळा इतकं लागत नाही. थांबा बदलायला गाडीला पुढच्या चौकातून वळून यावं लागेल, त्यात पाच-सात मिनिटं जातील, आणि ठेकेदार कुरकुर करेल. करू दे.

एक काम तू घरबसल्या करू शकतेस. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर घाल. फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा आहे का, पीयूसी आहे का, सगळं दिसतं. आठ वर्षांच्या आतल्या बसला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. पाटीचा रंगही बघ. पिवळी पाटी, काळी अक्षरं असेल तर गाडी भाड्याने मुलं न्यायला नोंदलेली. पांढऱ्या पाटीची व्हॅन मुलं भरून फिरत असेल, तर कितीही स्वस्त असो, तिच्यात पोर बसवू नकोस. तशा गाडीतून उद्या काही झालं तर विम्यापासून सगळीकडे वांधे होतात. गाडीच्या तळाकडेही एकदा नजर टाक. 2012 मध्ये चेन्नईजवळ तांबरमला सहा वर्षांची मुलगी चालत्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून खाली पडून गेली. भोक फळकुटाने झाकलं होतं म्हणे. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत चढून चपलेने पत्रा ठोकून बघायचे. ड्रायव्हर लोक हसायचे, पण दुसऱ्या वर्षापासून मी यायच्या आधी तेच ठोकून ठेवायला लागले.

काकांच्या पोटावर पाय येईल म्हणतेस. मला उलट वाटतं. परवा ती टपरी तिथे नसती तर काकांच्या पोटाचंच नाही, उरलेल्या आयुष्याचं काय झालं असतं? त्यांच्याशी बोल, पण बस चालू असताना दारात उभं राहून नाही आणि ग्रुपवर तर अजिबात नाही. शनिवारी गाडी उभी असताना लेकीला बरोबर घे आणि चहा घेऊन जा. म्हण, ‘काका, मला तुमच्या सीटवर बसू द्या आणि तुम्ही हिला पुढे उभी करा.’ दोघांनाही कळेल. मग एकच मागणी कर: मावशी नसतील त्या दिवशी शेवटचं पोर उतरल्यावर काकांनी स्वतः मोजायचं, पोर कुणाच्या तरी हातात गेलेलं बघायचं, आणि मगच गिअर टाकायचा.

आणि हे बोलताना आपल्या बाजूचंही थोडं कबूल कर. काका घाईत का असतात? सकाळचं सत्र सोडून दुपारचं गाठायचं असतं. प्रत्येक थांब्यावर एक तरी आई पोराच्या शर्टाची बटणं लावत धावत येते आणि काका दोन मिनिटं थांबतात. वीस थांब्यांची चाळीस मिनिटं. ती भरून कुठे निघतात? रस्त्यावर. दुसरं, फोन. ‘काका, कुठे आलात?’ काका गाडी चालवतायत, मागे पस्तीस पोरं, आणि खिशातला फोन वाजतो तो आपलाच. माझ्या वेळी एका काकांनी मला मोबाइल दाखवला होता: एका सकाळीत अठरा मिस्ड कॉल, सगळे पालकांचे. आम्ही मग फोन मावशींकडे दिला. तुमच्या ग्रुपवर एवढं एक ठरवून घे. याला कुणी नावं ठेवणार नाही, उलट अठरा जणी मनातून ओशाळतील.

झोपलेल्या मुलाचं एक सांगायचं राहिलं. मी ज्या एका शाळेत होते तिथे बालवाडीतला एक मुलगा मागच्या सीटवर झोपून गेला. बस रिकामी झाली असं समजून गाडी आवारात लावली. अर्ध्या तासाने माळ्याला काचेवर थापा ऐकू आल्या. डिसेंबर होता म्हणून निभावलं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये कतारला चार वर्षांची केरळची मुलगी आणि त्याच महिन्यात जपानमध्ये तीन वर्षांची मुलगी, दोघी अशाच बंद बसमध्ये राहिल्या आणि उन्हाने गेल्या. जपानने पुढच्या एप्रिलपासून बसमध्ये गजर बसवणं सक्तीचं केलं. तो बंद करायला चालकाला शेवटच्या सीटपर्यंत चालत जावं लागतं. तिकडच्या बालवाड्यांत मुलांना हॉर्न दाबायलाही शिकवतात, आणि हाताने दाबला जात नसेल तर त्यावर चक्क बसायचं. तुझ्या लेकीला शनिवारी सीटवर बसवशील तेव्हा हॉर्न वाजवू दे. तिला गंमत वाटेल, आणि जागा लक्षात राहील. शाळेला एवढंच विचार: मूल गैरहजर असेल तर घरी किती वाजता फोन येतो? दहा वाजेपर्यंत येत असेल तर ठीक. येतच नसेल तर त्याच पत्रात एक ओळ वाढव.

न विचारलेलं एक. मावशी नसतात तेव्हा सगळ्यांत शेवटी उतरणारं किंवा सगळ्यांत आधी चढणारं मूल गाडीत एकटं असतं. ते तुझं आहे की दुसऱ्या कुणाचं, माहीत करून घे. काकांवर संशय घे असं मी म्हणत नाही. पण कुठलंही पोर अचानक ‘मला बसने नाही जायचं’ म्हणायला लागलं तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी दोन दिवस त्याच्याशेजारी बसून ऐकावं. गरज पडली तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, तो तिच्याकडूनही पाठ करून घे.

राहिला स्कूटीचा प्रश्न. नको. बस बंद करू नकोस. मोठी, उंच, पिवळी, पत्र्याची बस ही तुझ्या स्कूटीपेक्षा केव्हाही सुरक्षित. स्कूटीवर तुझी मुलगी पुढे उभी राहणार का मागे बसणार? हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला सक्तीचं आहे. तिच्या मापाचं तू घेशील, पण रोज घालशील? नऊ वाजता मीटिंग असली की? आणि शाळेच्या फाटकापाशी ज्या दीडशे स्कूट्या आणि गाड्या एकमेकींत अडकतात, त्यांच्यामधून चालत येणारी पोरंही कुणाची तरी आहेतच. आणि बाहेरच्या बाजूला दप्तरं लटकवलेल्या रिक्षेचा तर विचारही करू नकोस.

आता तुझा नवरा. ‘आम्ही चालत जायचो.’ मीही जायचे. दीड मैल, अनवाणी नाही पण जवळपास तसंच. रस्त्यावर बैलगाडी, सायकली आणि दिवसातून दोनदा धुरळा उडवत येणारी एसटी. पाथर्डी फाट्यावर दुपारी दीड वाजता किती गाड्या जातात ते त्याला मोजायला सांग. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला पाळी लाव: एक आठवडा सुट्टी टाकून किंवा घरून काम घेऊन दुपारी बसच्या दाराशी तो उभा राहील. ऑफिसमध्ये काय सांगायचं ते त्याचं तो बघेल. तिसऱ्या दिवशी तोच तुला त्या डावीकडून घुसणाऱ्या दुचाकीबद्दल तावातावाने सांगेल आणि जणू हे त्यानेच शोधून काढलं असा आव आणेल. आणू दे.

रविवारी सकाळी तिघं खाली पार्किंगमध्ये जा. तुमची कार असेल तर कार, नाही तर शेजाऱ्यांची. इंजिन बंद, किल्ली तुझ्या खिशात. तीच बस समजा. बाबांना काका कर, तिला दप्तर पाठीला लावून उतरव, नवी बाटली हातात दे. मग तिला न सांगता बाटलीला धक्का दे आणि ती चाकाखाली जाऊ दे.

पहिल्या खेपेला ती वाकेल. वाकणारच. रागावू नकोस, हसू नकोस. बाटली तू काढ, तिच्या हातात दे आणि पुन्हा पाड.